साळवे सरांचा एकच सवाल

आमच्या मंडळाचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. उद्योग, तंत्रज्ञान, प्रबोधन असं सगळं त्यात कोंबलंय. बीडमध्ये ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर कुणी सांगणार नाही. ‘सुशीला मंडळ’ म्हणा, रिक्षावाला थेट हॉलच्या पायरीशी आणून सोडेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला पुण्याचा, हैदराबादचा, क्वचित बंगळुरूचा कुणी मोठा उद्योजक नाहीतर तंत्रज्ञ येतो, तासभर बोलतो, मग प्रश्नोत्तरं होतात आणि शेवटी सगळ्यांना सुशीला मिळते. भिजवलेले चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून डाळव्याचं पीठ. पुण्याचे पाहुणे तिला पोह्यांचा प्रकार समजतात आणि आम्ही त्यांना समजू देतो.

मी या मंडळाचा चिटणीस. विजेच्या सामानाचं दुकान सांभाळून पाहुण्यांना गाडी पाठवायची, माइक तपासायचा, शाल-श्रीफळ आणायचं आणि शेवटी माइकवरून ‘कुणाला काही प्रश्न?’ असं विचारायचं, ही माझी कामं. या शेवटच्या कामाची मला सहा वर्षं धास्ती होती. मी विचारलं रे विचारलं की भिंतीकडच्या तिसऱ्या रांगेतून एक हात वर यायचा. तो हात साळवे सरांचा. एका रविवारी तो वर आला नाही. तो येऊ नये याचा बंदोबस्त मीच केला होता, आणि सरांची आठवण सांगायची तर मला ते टाळून सांगता येणार नाही.

साळवे सर आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखा शिकवायचे. चौतीस वर्षं तिथं काढून निवृत्त झालेले. चकलांब्यापासून दिंद्रुडपर्यंत कुठल्याही गावात खांबावर चढलेला माणूस दिसला तर तो त्यांचा विद्यार्थी निघायचा. काटकुळं अंग, पांढरा हाफ शर्ट, आणि लोक पेन लावतात त्या खिशाला टेस्टर. हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी यायचे, भिंतीवरच्या बोर्डात टेस्टर घालून बघायचे आणि त्या बोर्डाशेजारचीच खुर्ची धरायचे. मी एकदा म्हणालो, “सर, पुढं बसा की.” तर म्हणाले, “पुढं बसून काय करू? वायर हितं हाय.”

मीही त्यांच्या हाताखाली वर्षभर शिकलेला. पुढे वडिलांनी गल्ल्यावर बसवलं आणि माझं शिक्षण तिथं संपलं. सर त्यावरून कधी टाकून बोलले नाहीत. दुकानात आले की एखादा स्विच उचलून, उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, “मन्मथ, इकतोस ते ठीक हाय बे. उघडून पाहिलंस का कदी?” मी पाहिलेलं नसायचं.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. वर्ग भरायच्या आधी ते मोटारीत स्वतःच एक बिघाड करून ठेवायचे. मग आम्हा वीसजणांना आत ढकलायचे, स्वतः बाहेर लिंबाखाली स्टूल टाकून पेपर उघडायचे आणि म्हणायचे, “मी मेलोय असं समजा.” त्यानंतर काही विचारलं तर उत्तर नाही. कुणी फारच गयावया केली तर पेपरामागून आवाज यायचा, “मेलेला मानूस बोलतो का, बे?” तासाभराने मोटार फिरली की ते तिथूनच ओरडायचे, “बंद पडल्यावर गावात कोन हाय?” आणि ज्याने बिघाड काढला त्याने आतून ओरडायचं, “मी हाय, सर!” वर्षभरात मला तसं ओरडायची संधी दोनदा मिळाली. त्यातल्या एकदा मोटार दुसऱ्याच मुलाने चालू केली होती आणि मी फक्त ओरडलो होतो. सरांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केला. तेवढं मला पुरलं.

हाच सवाल ते मंडळात घेऊन आले. पाहुणा कुठलाही असो, यंत्र कुठलंही असो, सर उभे राहायचे, नाव सांगायचे आणि विचारायचे, “ते बंद पडल्यावर गावात कोन हाय?” बसायचे. उत्तर मिळेपर्यंत सुशीलेला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम होता. उत्तर बहुधा मिळायचंच नाही. मग पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा निघायचा, ताटलीतली सुशीला त्यात भरायची आणि घरी न्यायची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात डबा हातात घेऊन वजनावरूनच ओळखायच्या. “आज बी न्हाई का दिला जवाब?” असं विचारायच्या आणि ती गार सुशीला परतून दोघं दुपारी खायचे. हे मला सरांनीच एकदा हसत सांगितलं होतं.

हैदराबादहून ड्रोनवाले आले होते तेव्हाची गंमत अजून सांगतात लोक. फवारणी करणारं ड्रोन, पडद्यावर झकास चित्रफीत, टाळ्यांवर टाळ्या. सरांचा हात वर. “साहेब, ड्रोन लई भारी हाय. आमच्या चकलांब्याच्या रानात पडलं तर उचलायला कोन हाय?” पाहुणे हसून म्हणाले, “हेल्पलाइन है ना, चौबीस घंटे.” “नंबर सांगा,” सर म्हणाले. सांगितला. सरांनी आपला बटणांचा फोन काढला, तिथंच लावला, आवाज मोठा केला आणि फोन खुर्चीच्या हातावर ठेवून दिला. आधी एक बाई म्हणाली की आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है, मग वाजंत्री सुरू झाली. लोकांनी सुशीला घेतली, खाल्ली, हात धुतले. पाहुण्यांचा सत्कार झाला, फोटो झाले. ती वाजंत्री चालूच. हॉलवाल्याने टेबलं दुमडायला घेतली तेव्हा सरांनी फोन बंद केला, पाहुण्यांना हात जोडले आणि डबा भरायला गेले.

आम्ही पोट धरून हसलो होतो. आमचे अध्यक्ष बसवराजआप्पा मात्र हसले नाहीत. त्यांची जिनिंगची फॅक्टरी, मोठमोठ्या लोकांत ऊठबस, पाहुणे त्यांच्या शब्दावर येणारे. “मन्मथ,” ते मला म्हणाले, “असले सवाल होऊ लागले तर बीडला कोन येईल?” असा सवाल का विचारता, हे मी सरांनाच एकदा विचारलं होतं. वाटलं होतं, काहीतरी दुःखाची गोष्ट निघेल. म्हणाले, “कावून म्हंजे? चौतीस वर्ष मी बंद पडलेल्याच वस्तू पाहिल्या. चालू वस्तू माझ्याकडं कोन आनतंय?”

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. लिंबागणेशच्या पलीकडे डोंगरात एक लहानसं गाव आहे, तिथल्या बायकांचा एक गट आहे. सीताफळाचा गर काढून विकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. गटाची प्रमुख कौसाबाई. वीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी, दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकात बसून कारखान्याच्या फडावर आणि उन्हाळ्यात परत. गर टिकला आणि दिवाळीनंतर पुण्याच्या आइस्क्रीमवाल्याने उचलला, तर या वर्षी ट्रकात बसायचं नाही, एवढी साधी गोष्ट तीसेक बायकांनी एकमेकींना सांगून ठेवली होती. गर टिकायला गोठवणारी खोली हवी. तशी खोली पुण्याची एक नवी कंपनी बनवत होती आणि पहिली खोली प्रयोग म्हणून एखाद्या गावाला देणार होती. कंपनीचा संस्थापक निनाद नावाचा तरुण. श्रावणातल्या रविवारी तो आमच्या मंडळात बोलायला येणार आणि तिथंच करारावर सही होणार असं ठरलं. न जमल्यास दुसरा एक जिल्हा तयारच होता.

त्या आधीच्या बैठकीत बसवराजआप्पांनी थेट विषय काढला. “त्या मास्तरचं काय करायचं? त्यानं सवाल टाकला आन् पोरगं बिचकलं, तर खोली गेली.”

कुणी म्हणालं, प्रश्नोत्तरंच नको. कुणी म्हणालं, त्यांना निमंत्रण देऊ नका. ते निमंत्रणाविना येत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा मी बोललो. मला आजही माझा तो आवाज ऐकू येतो, चांगला खुशीत होता. “आप्पा, आपण त्यांचा सत्कार करू. पाहुण्याच्या शेजारी स्टेजवर बसवू.”

सगळ्यांना लगेच कळलं. स्टेजवर बसलेला माणूस पाहुण्याला सवाल करत नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे हे सगळे पाळतात. फेटा बांधला, शाल अंगावर आली, की माणूस मान डोलवायचं तेवढं काम करतो. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने मी फुगलो, हेही सांगून टाकतो.

निमंत्रण द्यायला मी सरांच्या घरी गेलो. चौतीस वर्षांत त्यांना कुणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. आयटीआयच्या कार्यक्रमांत स्टेजची वायरिंग ते करायचे आणि स्टेजवर दुसरे बसायचे. आमचं मंडळ तर व्यापाऱ्यांचं, आणि बहुतेक आमच्याच समाजातल्या व्यापाऱ्यांचं. बौद्ध वस्तीतल्या या मास्तरला आम्ही सहा वर्षं खुर्ची दिली होती ती तिसऱ्या रांगेतली, तीही त्यांनीच आपली आपण घेतलेली. मी सत्काराचं बोललो तेव्हा सरांनी खिशाचा टेस्टर काढून परत नीट लावला. काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, “मी बी येऊ का, दादा? बायांना चालतं का तितं?” मी म्हणालो, “पहिल्या रांगेत बसा, काकू.” माझ्या तोंडातून हे सहज गेलं.

त्या रविवारी कौसाबाई चार बायकांना घेऊन डोंगरातून आली होती. हॉलच्या दारातच तिने सरांना गाठलं. तिच्या गावचा वायरमन सरांचा चेला, त्याने तिला सरांविषयी सांगितलेलं. मी शेजारीच फुलं मोजत होतो.

“सर, तुमी तेवढं इचारा,” कौसाबाई म्हणाली. “खोली बंद पडली तर आमी काय करायचं? आमाला एवढ्या लोकात बोलता येत न्हाई.”

“इचारतो की,” सर म्हणाले. “माझं कामच हाय ते.”

आणि मी पुढं होऊन म्हणालो, “सर, चला, फेटा बांधायचाय.”

निनाद चांगला बोलला. पोरगं खोटं नव्हतं. खोली आपलं तापमान आपणच बघणार, कमी-जास्त वीज आली तर आपणच थांबणार, पुण्याच्या कचेरीत बसलेली माणसं फोनवरून तिला चालू-बंद करणार. यंत्राच्या पेटीला कंपनीचं सील. सील तुटलं तर कंपनीची जबाबदारी संपली. हे वाक्य तो बोलला तेव्हा मी स्टेजकडे पाहिलं. सरांचा उजवा हात खुर्चीच्या हातावरून चार बोटं वर उचलला गेला होता. तिथंच थांबला. मग तो शालीकडे गेला आणि त्याने खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

भाषण संपलं. मी माइक घेतला. “कुणाला काही प्रश्न?” दीडशे माणसांनी एकदम स्टेजकडे पाहिलं. कौसाबाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती, तिची नजर सरांवरून हलत नव्हती. सरांची नजर पहिल्या रांगेत होती. तिथं काकू बसल्या होत्या, नवी जांभळी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मला वाटलं, सर आता उठतील. मी पाचपर्यंतही थांबलो नाही. “प्रश्न नाहीत,” मी म्हणालो, “आपण सहीकडे वळू.”

कौसाबाईने सही केली. तिने पेन खाली ठेवताना एकदा सरांकडे पाहिलं, आणि मला वाटतं, सर गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक असणार असं तिने धरलं. स्टेजवरच्यांना सुशीला बसल्या जागी दिली. सरांनी ताटलीला हात लावला नाही. नंतर काकूंनी पुढं येऊन ती डब्यात भरली. त्या इतक्या आनंदात होत्या की डबा भरलेला का, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही.

भाद्रपदात खोली आली. सीताफळाचा हंगाम चांगला गेला. बायकांनी बोटं काळी पडेपर्यंत बिया काढल्या, डबे भरले, रचले. पाडव्याच्या सकाळी आठच्या सुमाराला मला कौसाबाईचा फोन आला.

“मन्मथदादा, खोली बोलंना झाली. लाल दिवा लागलाय. दार बी उघडंना.”

“कधीपासून?”

“पाटं पाचला पाहिलं मी. त्याच्या आदी कवा बंद पडली काय म्हाईत. कंपनीला फोन लावलाय. नुसती वाजंत्री वाजतीया.”

मी फोन लावले. कचेरीला दिवाळीची सुट्टी, निनादचा फोन बंद. आप्पांना लावला, ते म्हणाले, “कंपनीचं कंपनी बघंल, सनासुदीला तू कावून मधी पडतो?” मी आणखी लावत राहिलो. खरं तर मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं कुणाकडे जायचं, आणि तिथं जायला पाय उचलत नव्हते. दहा वाजता मी सरांच्या दारात उभा राहिलो.

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली सत्काराचा फोटो काचेत लावलेला होता. फेटा, शाल, शेजारी निनाद. मी सगळं सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, “किती वाजता कळलं?”

“पाचला त्यांना. आठला मला.”

“आन् आता दहा वाजले.” ते उठले. “भिंती जाड हायत तिच्या. दार बंद हाय ते बरं हाय. बारापर्यंत टिकंल. चल.”

पाण्याची बाटली घ्यावी तशी त्यांनी हत्यारांची पिशवी घेतली. काकूंना म्हणाले, “घरात असतील नसतील तेवढ्या गोधड्या दे.” त्यांनी दिल्या. बर्फाच्या कारखान्यात त्यांचा एक विद्यार्थी होता, तो पाडव्याचं ओवाळून घेणं सोडून आला आणि माझ्या गाडीच्या डिकीत दोन लाद्या टाकून गेला. घाटात एका ट्रॅक्टरमागे आम्ही अडकलो, तेव्हा त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं.

गावात शिरताना पारापाशी मुकादमाचा ट्रक उभा होता. काही बिऱ्हाडं चढलेली, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, शेळ्या. खोलीपाशी तीस बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या नजरा खोलीकडून ट्रकाकडे आणि ट्रकाकडून खोलीकडे जात होत्या. कुणी रडत नव्हतं. पावणेबारा झाले होते.

सरांनी पेटीला हात घातला आणि मी, काय सांगू, परत तेच केलं. “सर, सील तोडू नका. करारात आहे. तोडलं तर कंपनी जबाबदार नाही.”

सरांनी पान्हा हातात धरूनच माझ्याकडे वळून पाहिलं. “आत्ता जबाबदार कोन हाय? दिसतंय का तुला हितं कुटं?”

सील तुटलं. आत फार काही बिघडलेलं नव्हतं. दिवाळीच्या रोषणाईने वीज खालीवर झाली होती, यंत्र घाबरून थांबलं होतं आणि पुण्याहून परवानगी येण्याची वाट बघत बसलं होतं. सरांनी आधी दाराचं विजेचं कुलूप मोकळं केलं. दार उघडलं आणि गोड, आंबूस वास बाहेर आला. पुढच्या रांगांतले डबे गेले होते, गर तपकिरी पडलेला. एक बाई त्यातला एक डबा मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. मागचे डबे अजून कडक होते. “ते बाहेर काढा, लाद्यांला लावा, वरून गुंडाळा,” सर ओरडले. गोधड्या निघाल्या. गोधड्यांच्या गठ्ठ्यात तळाशी एक प्लास्टिकची पिशवी होती, घडी न मोडलेली. तिच्यात सत्काराची आमची शाल. सरांनीच पिशवी फाडून शाल काढली आणि डब्यांभोवती आवळली.

“सर, ती शाल—” मी म्हणालो.

“थंडीत ऊब धरती ना? मग हितं गारवा धरंल. लोकर तीच हाय.”

वीस मिनिटांनी यंत्र घरघरलं. निम्म्याहून थोडा जास्त गर वाचला. पण निम्म्या गरावर तीस घरं राहणार नव्हती. दुपारी बायकांनी आपसात काय ठरवलं ते मला कळलं नाही, पण तेरा जणी आपापली गाठोडी घेऊन पाराकडे चालत गेल्या. ट्रक सुरू झाला. कौसाबाई राहिली होती. ती ट्रकाकडे पाठ करून डबे पुसत होती.

सर आणि मी खोलीच्या सावलीला बसलो होतो. तेव्हा ते बोलले.

“मला कळलं होतं, मन्मथ. तू सत्काराचं बोलायला आलास, तवाच कळलं होतं.”

“मग विचारलं का नाही, सर?”

“ती पहिल्या रांगेत बसली होती. चौतीस वर्षात तिनं मला उंचावर बसलेलं पाहिलं नव्हतं, बे. म्हनलं, एक तास बसू. एक तासानं काय होतंय.” त्यांनी पाराकडे बोट केलं. ट्रकाची धूळ अजून खाली बसली नव्हती. “हे झालं.”

“खुर्ची मी ठेवली होती, सर.”

“बसलो तर मीच ना.”

मला रडू आलं. सरांनी माझी समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच केलं. निनादचा दुसऱ्या दिवशी फोन आला. पोरगं मनापासून ओशाळलं होतं, त्याने पेटीचे सगळे नकाशे पाठवले आणि सीलची अट काढून टाकली. सर मात्र त्यानंतर मंडळात आले नाहीत. मार्गशीर्षात नाही, पौषात नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी ‘कुणाला काही प्रश्न?’ म्हणायचो आणि अख्खा हॉल भिंतीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “रविवारी ते डोंगरात जातेत.”

माघात मी तिकडे गेलो. त्यांना परत चला म्हणायचं होतं, आणि आणखीही काहीबाही मनात जुळवलं होतं. सर खोलीबाहेर बोरीखाली उलट्या डब्यावर बसले होते, तोंडासमोर पेपर. शेजारी दगडावर सुशीलेची ताटली, कौसाबाईने केलेली, वरून झाकलेली. गर केव्हाच पुण्याला गेला होता, रिकाम्या खोलीचं यंत्र बंद होतं. आत पेटीसमोर कौसाबाई, पदर कमरेला खोचलेला, तोंडात टेस्टर धरून दोन्ही हातांनी तारा चाचपत होती.

“सर, येत्या रविवारी—” मी सुरुवात केली.

“मी मेलोय,” पेपरामागून आवाज आला. “तुला सवाल इचारायला तोंड न्हाई का, बे? तू इचार की आता.”

मी खाली बसलो. आतून एक ठिणगी उडाल्याचा आवाज आला आणि सगळं परत गप्प झालं. “सर, उडालं,” कौसाबाई म्हणाली. उत्तर नाही. तिने दोन शिव्या हासडल्या, त्या बहुधा यंत्राला होत्या. ऊन कलत चाललं होतं. सर पेपराचं तेच पान बघत होते. मला शेजारून दिसत होतं, त्यांचा अंगठा कागदावर दाबून पांढरा पडला होता. आपण आत्ता उठलो तर तिला दोन मिनिटांत जमेल हे त्यांना माहीत होतं. ते उठले नाहीत.

चैत्रात सर झोपेतच गेले. अंत्ययात्रेला जिल्ह्यातले किती वायरमन आले होते ते मी सांगू शकणार नाही, आणि कौसाबाईच्या गावात राहिलेल्या त्या सतरा जणीही होत्या. पण मला सर दिसतात ते त्या माघातल्या दुपारचे. त्यानंतर मी त्यांना जिवंत पाहिलंच नाही.

त्या दुपारी बऱ्याच वेळाने यंत्र एकदा कण्हलं, थांबलं, आणि मग लागलं ते लागलंच. घरघर सगळ्या अंगणात भरली. सरांनी पेपर खाली घेतला नाही. तिथूनच ओरडले, “बंद पडल्यावर गावात कोन हाय?”

“मी हाय, सर!” आतून कौसाबाई ओरडली.

सरांनी पेपराची घडी घातली. सुशीला केव्हाच गार झाली होती. त्यांनी ताटली मांडीवर ओढली आणि शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत सगळी खाल्ली. डबा पिशवीतच राहिला.